उरलेलं औषध

पंपकाकांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. सोळा लिटरचा फवारणीचा पंप तीस वर्षं पाठीवर वागवला की माणूस तसाच घडतो. पंप उतरवून ठेवला तरी ते तिरकेच चालायचे. गल्लीच्या तोंडाशी ती तिरकी सावली दिसली की बायका दोरीवरचे कपडे आत घेत आणि खेळणाऱ्या पोरांना हाका मारत. काकांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट आपण येतोय म्हणून जग जरा बाजूला सरकतं, हे त्यांना आवडायचं.

बंगल्यांच्या बागा, दवाखान्यासमोरची हिरवळ, दोन शाळांमधल्या फुलझाडांच्या रांगा, एवढा त्यांचा मुलूख. औषध मारावं ते काकांनीच, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. दांडा असा फिरवायचे की पानाच्या वरच्या अंगाला लागेल तितकंच खालच्या अंगालाही लागावं. वारा कुठून येतोय ते गालाने ओळखायचे. आणि हिशेबाला चोख. बाटलीवर लिहिलंय तेवढं झाकणभर औषध पंपात ओतून झालं की दुसरं झाकण अर्धं भरायचे.

"पहिलं कंपनीचं," म्हणायचे, "आणि हे माझ्याकडून."

वरचं झाकण त्यांनी कधी चुकवलं नाही. दुसरे फवारणीवाले औषधात पाणी वाढवतात, हे त्यांना ठाऊक होतं. आपण तसे नाही, हे दाखवायची त्यांची ती रीत होती.

दिवसाअखेर पंपाच्या तळाशी लिटर-दीड लिटर औषध उरायचं. ते गटारात ओतणं त्यांच्या जिवावर यायचं. घरी आणायचे आणि अंगणातल्या पेरूच्या बुंध्याशी, भिंतीलगतच्या वाफ्यात सावकाश ओतून टाकायचे. मग त्याच जागी पंप विसळायचे. कधी किडीचं औषध, कधी बुरशीवरचं निळं मोरचूद, त्या दिवशी जे असेल ते; मोरचूद मात्र बहुतेक पेरूलाच.

"लोकांच्या झाडांना देतो, मग घरच्यांनी काय पाप केलंय?" असं ते बायकोला विचारायचे.

त्यांचं अंगण म्हणजे आरसा. काकू दोन वेळा झाडायच्या. जमीन गुळगुळीत, फिकट, टाचेखाली टणक. मुंगीसुद्धा दिसायची नाही. काका पाहुण्यांना मुद्दाम मागच्या दारी नेऊन उभं करायचे. "बसा खाली. बिनधास्त बसा. एक किडा सापडला तर मिशी उतरवीन."

भिंतीपलीकडे शिंपीणबाईंचं अंगण होतं. बाई दिवसभर मशीनवर, नवरा बाहेरगावी, झाडायला सवड कोणाला? भाजीची सालं, चहाचा चोथा, वाळलेली पानं, सगळं दारातूनच मागे भिरकावलेलं. त्यात गवत, गवतात भोपळ्याचा वेल, वेलात बेडूक.

"वहिनी," काका भिंतीवरून म्हणायचे, "साप घर बांधतील एक दिवस तुमच्याकडं."

"बांधू द्या भावजी. रात्रीची सोबत होईल."

"दोन पंप मारून देतो. मोफत."

"नको बाई. तुमच्या अंगणात चिमणी उतरायला घाबरते. माझ्याकडं निदान चोरून तरी येते."

अशी त्यांची रोजची झटापट.

काकांना एकच लेक. दूरच्या मोठ्या शहरात, प्लास्टिकच्या छताखालच्या एका प्रचंड रोपवाटिकेत ती दहा वर्षं राबली. तीन मुलींत एक खोली, दोन बसा बदलून काम. त्या हिवाळ्याच्या शेवटी ती एक पिशवी आणि बियांची पुडकी घेऊन घरी आली आणि म्हणाली, "मागच्या अंगणात स्वतःची रोपं करून बघते. एक हंगाम. जमलं तर जमलं, नाहीतर माझी जागा तिकडं अजून आहे."

काका हो म्हणाले. लेक राहावी, याच्यापलीकडे त्यांना जगात काही नको होतं.

"विचारा की तिला, राहशील का म्हणून," काकू स्वयंपाकघरात कुजबुजल्या.

"तूच विचार."

"मी विचारलं तर मला रडू येईल."

"मग मी विचारतो."

"तुम्ही विचारलं तर ती नाही म्हणेल. तुमच्यावरच गेलीय."

तेव्हा कोणीच विचारलं नाही.

लेकीने अंगणातली माती खणली, चाळली आणि चारशे पिशव्या भरल्या. मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडू. बी रुजलं. दोन-दोन पानं वर आली, आणि तिथंच थांबली. आठवडा गेला, दुसरा गेला. रोपं ना वाढत, ना मरत. कडेने पिवळी पडत चालली. तिने एक उपटून पाहिलं. मुळं आखूड, तपकिरी, टोकाशी जाड झालेली. तिने माती बोटांत धरली, नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता. वीट फोडून हुंगावी तशी.

पेरूखाली काकूंनी लोटून ठेवलेला पानांचा ढीग होता. लेकीने त्यात हात घातला. वर यंदाची पानं, खाली गेल्या वर्षीची, त्याखाली त्याआधीची. एकमेकांवर रचलेल्या जुन्या वर्तमानपत्रांसारखी, कोरडी आणि जशीच्या तशी. ती बराच वेळ तिथं उकिडवी बसून राहिली.

काकांनी हे सगळं खिडकीतून पाहिलं. लेक काळजीत आहे एवढं त्यांना कळलं, आणि त्यावर त्यांना एकच उपाय ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी पंप भरला. झाकण भरून ओतलं. मग आपल्याकडून दुसरं. आणि लेकीसाठी म्हणून तिसरं. चारशेच्या चारशे पिशव्या त्यांनी मायेने, एकही न चुकवता, पाणी निथळेपर्यंत भिजवल्या.

लेकीला वासानेच जाग आली. अनवाणी बाहेर आली.

"बाबा, काय केलंत हे?"

"काही नाही, जरा जोर दिला. आता बघ कशी..."

"रोपांना कीड नाहीये, बाबा. तुमच्या मातीत कीड नाही, मुंगी नाही, गांडूळ नाही, काहीच नाही. मेलेल्या मातीत बी लावलं मी. आणि आज तुम्ही वरून आणखी ओतलंत."

"मेलेली? तीस वर्षं लोक हे अंगण बघायला येतात!"

"बघायला येतात. पिकवायला कोणी येत नाही."

असं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. मग हळूच म्हणाली, "मी परतच जाते. उगाच तुम्हालाही त्रास."

काका पंप पाठीवर तसाच घेऊन उभे. नळीतून थेंब पायावर पडत होते, तेही त्यांना कळलं नाही.

भिंतीवरून शिंपीणबाईंचं डोकं वर आलं. तोंडात टाचण्या. त्या काढून म्हणाल्या, "पोरी, माझ्याकडची माती ने. जाताना गवतही ने. फुकटात माझं अंगण साफ होईल."

"त्या किड्यांच्या धर्मशाळेतली?" काका उसळले.

"हो भावजी. तिथं निदान कोणीतरी मुक्कामाला आहे."

लेकीला हसू आलं. ते ओठातच दाबून तिने आतून कांद्याच्या दोन रिकाम्या जाळ्या आणल्या. पेरूची वाळलेली पानं दोन्हींत सारखी भरली, तराजूत घालून काटा जुळवला.

"बाबा, पैज लावा. एक जाळी आपल्याकडं पुरायची, एक मावशींकडं. दोन्हीला रोज सारखं पाणी. तीन महिन्यांनी उकरू. दोन्ही सारख्या निघाल्या तर तुम्ही म्हणाल तसं फवारीन. आपली पानं तशीच राहिली आणि तिकडची कुजून गेली, तर उरलेलं औषध घरी आणायचं नाही आणि वरचं झाकण बंद."

काका पैजेला नाही म्हणणारे नव्हते. आणि पैज म्हणजे लेक तीन महिने हलत नाही, एवढं गणित त्यांनी उभ्या उभ्या केलं.

"लागली," ते म्हणाले.

लेकीने शिंपीणबाईंची माती आणून नव्या पिशव्या भरल्या. ती माती काळी, ढेकळाढेकळांची, ओल्या पानांच्या वासाची. महिन्याभरात टोमॅटोला चौथं पान आलं. काका रोज जाता-येता बघायचे, पण बघितल्यासारखं दाखवायचे नाहीत. एकदा "वहिनी, माझी विळी आहे का तुमच्याकडं" असं म्हणून पलीकडे गेले. विळी घरातच होती. बाई मशीनवर होत्या. काकांनी एक जुना लाकडी ओंडका पायाने उलटला.

खाली गाव वसलेलं होतं. ओल्या लाकडाखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे पांढरे धागे पसरलेले. राईपेक्षा बारीक पांढरे किडे टणाटण उडत होते. बोट लागताच वेटोळं करून बसणारा लालसर वाणी किडा. आणि मध्ये एक जाड गांडूळ, उजेड लागताच घाईने आत सरकणारं, घरात कोणी न विचारता शिरल्यावर बाई पदर सावरत आत जाते तसं. काकांच्या उजव्या हाताचं बोट सवयीने आवळलं. त्या बोटाखाली नेहमी पंपाची कळ असते. मग ते सैल झालं. त्यांनी ओंडका होता तसा, अगदी हळू, परत ठेवला.

तीन महिने भरले. भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसं जमली, म्हणजे आम्ही पाच-सहा शेजारी. आधी काकांची जाळी निघाली. लेकीने झटकली. पानं पानांसारखी, देठासकट. धुऊन पत्रावळ करावी अशी.

मग पलीकडची. ती वर येताना हलकी होती. आत पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, आणि चहाच्या भुकटीसारखे काळे दाणे. जाळीच्या भोकातून एक गांडूळ अर्धं बाहेर लोंबत होतं.

"कुठं गेली पानं?" काकूंनी विचारलं.

"यांनी खाल्ली," लेक म्हणाली. "खाल्ली आणि माती केली. मावशी तीन महिने शिवत होत्या, आणि हे खाली काम करत होते."

काका खाली बसले. आपल्या जाळीतलं एक अख्खं पान उचलून म्हणाले, "आपल्याकडची माती मेली कधी?"

"एका दिवसात नाही मेली. रोज थोडी थोडी."

"मला कसं कळलं नाही?"

"तुम्ही पानं बघत होतात, बाबा. वर. सगळेच वर बघतात."

"आणि हे किडे परत येतील?"

लेकीने खोटं सांगितलं नाही. "भिंतीकडं येतील, तिकडं मोरचूद कमी ओतलंय. बाकीची औषधं हळूहळू विरतात. मोरचूद तेवढं विरत नाही, मातीला धरून बसतं. पेरूखाली वेळ लागेल. किती ते मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी आधी बाग बघायची आणि मग पंप भरायचा, अशी रीत धरली. कीड असेल त्याच झाडाला, बाटलीवर असेल तेवढंच, आणि संपेल एवढंच कालवायचं. गिऱ्हाइकांना ते पटेना. एका बंगल्यातल्या बाईंनी फोन केला, "काका, आज वासच नाही आला. आला होतात ना?"

"आलो होतो. तुमच्या बागेत आज माझं काम नव्हतं."

"मग आलात कशाला?"

"काम नाही हे बघायला."

तीन घरांनी दुसरा माणूस लावला. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र त्यांना ठेवलं, वर आपल्या बहिणीचीही बाग दिली. तीन घरं गेल्याचं काकांच्या मनाला लागलं आणि डॉक्टरीणबाईंमुळे भरूनही आलं.

घरी काकूंनी झाडू अर्ध्यावर आणला. भिंतीकडच्या पट्ट्यात पानं पडली तशी राहू लागली. त्यावर शिंपीणबाईंच्या मातीची टोपली पसरली, भाजीची सालं गेली. आधी मुंग्या आल्या. काकूंनी सवयीने तक्रार केली आणि मध्येच थांबल्या. पुढे एका सकाळी त्या पट्ट्यावर गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्यांचे छोटे छोटे ढीग दिसले. काकांनी त्याभोवती चार काड्या रोवल्या, कोणाचा पाय पडू नये म्हणून. शिंपीणबाई म्हणाल्या, "भावजी, नातवंड झाल्यासारखं काय करताय?" ते म्हणाले, "तुमच्याकडूनच आलंय वहिनी, सासर-माहेर बघायला नको?"

लेकीची रोपं शाळांमध्ये गेली, बंगल्यांमध्ये गेली. थंडीची चाहूल लागली तोवर भिंतीकडचे चार वाफे भरून गेले आणि जागा अपुरी पडायला लागली. एका दुपारी ती कुदळ घेऊन पेरूखाली उभी राहिली.

"बाबा, इथंही एक वाफा ओढू का?"

काका वाकले. मूठभर माती उचलून बोटांनी चुरली, नाकाशी नेली.

"अजून नको. अजून हिला वास नाही. उगाच रोपं वाया जातील. पुढच्या वर्षी बघू."

"बरं," लेक म्हणाली. "पुढच्या वर्षी करू." आणि कुदळ उचलून भिंतीकडं गेली.

काका वाकलेले ते तसेच राहिले.

"काय हो, कंबर धरली का?" काकू दारातून म्हणाल्या.

"नाही गं."

"मग उठत का नाही?"

"ऐकलंस का, काय म्हणाली ती?"

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "आता गप बसा. पुन्हा विचारायला जाऊ नका तिला."