डाव्या बाजूचा उजेड

आमच्या बंदरात आगबोट धक्क्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत. त्या सकाळी मी पडावात पाय ठेवला तेव्हा वडील माझ्या ट्रंकेची दोरी तिसऱ्यांदा ओढून पाहत होते. आई बंदरावर आली नव्हती. तिने उंबरठ्यावरच निरोप दिला होता. गडबडीत मी "जातो" म्हणालो, तेव्हा तिने मला परत घरात घेतले, खाली बसवले, पाण्याचा पेला हाती दिला आणि म्हणाली, "जातो म्हणू नये रे. येतो म्हण." नऊ वर्षे मुलांना व्याकरण शिकवलेल्या मास्तराची चूक तिने आधी दुरुस्त केली आणि मगच त्याला बाहेर पडू दिले.

तुम्ही जे गावी राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे समुद्र ओलांडून इकडे आलात, त्या सर्वांसाठी मी हे लिहीत आहे. पन्नासच्या दशकातले कुवेत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेले नाही. तेव्हा तिथल्या मिरकाब वस्तीत मातीच्या भिंती पडत होत्या आणि त्यांच्या शेजारीच सिमेंटच्या उभ्या राहत होत्या. अशाच एका नव्या इमारतीत आमच्या बांधकाम कंपनीचे ड्रॉइंग ऑफिस होते. मी तेथे ट्रेसर म्हणून लागलो. ट्रेसरचे काम समजावून सांगतो: मूळ नकाशावर पारदर्शक कापड ताणायचे आणि खालची रेघ जशीच्या तशी शाईने वर उतरवायची. थोडक्यात, गिरवायचे. गावी सकाळी मराठीची आणि दुपारी उर्दूची मुळाक्षरे मी मुलांकडून गिरवून घेत असे. आता मीच पाटी घेऊन बसलो होतो.

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. दुपारी काम आटोपून निघताना मी आमच्या अमेरिकन इंजिनिअरच्या टेबलाशी थांबलो आणि अदबीने इंग्रजीत म्हणालो, "आय ॲम कमिंग, सर." मनात अर्थात मराठी "येतो" होते. हॅरल्डसाहेबांनी मान हलवली आणि ते माझी वाट पाहत बसले. ऑफिसात चहा करणारे दाऊदभाई आमच्या शेजारच्या गावचे, आणि खोलीत माझे सोबती. ते तासाभराने खोलीवर आले आणि म्हणाले, "मास्तर, काय सांगून आलास गोऱ्याला? टोपी डोक्यावर घालून बसलाय बिचारा. मी दोन चहा पाजले."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांची क्षमा मागितली आणि शब्दाचा अर्थ सांगितला. आमच्यात घर सोडताना परत येण्याचेच बोलतात, असे म्हणालो. मग त्यांनी तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

त्या दिवसापासून आमच्या गप्पा सुरू झाल्या. दहाचा चहा घेताना ते मला त्यांची अमेरिका सांगत. ते नेब्रास्का नावाच्या प्रांतातले, मक्याच्या शेतावर वाढलेले. त्यांची बहीण ट्रॅक्टर चालवते, मुले अठराव्या वर्षी घर सोडतात आणि त्याचे कुणाला नवल वाटत नाही, हे ऐकून मी थक्क झालो. साहेब आपल्या बश्या आपणच धुतात हे दाऊदभाईंना मात्र अखेरपर्यंत पटले नाही. "एवढा शिकलेला माणूस," ते म्हणत, "त्याचं घरात कुणी ऐकत नाही वाटतं." साहेबांचे म्हणणे असे की कोणतेही काम हलके नसते, फक्त ते करताना माणसाने स्वतःचे डोके बाजूला काढून ठेवू नये. एकदा माझे ट्रेसिंग उजेडाकडे धरून त्यांनी विचारले, "रोज माझी रेघ काढतोस. तुझी रेघ कुठे आहे?"

मी सवयीने म्हणालो, जशी आपली मर्जी.

मग शाळेचा नकाशा आला. मुलांची शाळा होती, बारा वर्गांची. साहेब त्यावर खूश होते, कारण त्यात त्यांची स्वतःची एक कल्पना होती. जगभर वर्गाच्या खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला ठेवतात. पण अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. तेव्हा त्यांनी सगळा वर्ग उलटवून खिडक्या उजवीकडे नेल्या होत्या. परक्या लिपीचा एवढा मान कोण ठेवतो? मलाही पहिल्या दिवशी कौतुक वाटले.

दुसऱ्या दिवशी गिरवताना माझा हात थांबला. लिपी उजवीकडून सुरू होते हे खरे, पण लिहिणारा हात उजवाच असतो. उजेड उजवीकडून आला तर हाताची सावली डावीकडे पडेल, म्हणजे जो शब्द अजून लिहायचा आहे त्याच्यावरच. मी मराठी आणि अरबीसारखीच उजवीकडून लिहिली जाणारी उर्दू, अशा दोन्ही लिप्या शिकवल्या होत्या. त्या ऑफिसात हे कळणारा मी एकटा होतो.

माझ्या कराराची मुदत त्या महिन्यात संपत होती. शिवाय साहेब हे माझे एकमेव परके मित्र, आणि ही त्यांची आवडती कल्पना. मुख्य ड्राफ्ट्समनना विचारले, तर त्यांनी चष्मा न काढता सांगितले की ट्रेसरने ट्रेस करावे. दाऊदभाई म्हणाले, "गावी हेडमास्तरशी भांडलास काय कधी? मग इथं कशाला शहाणपण?" ते खरे होते. गावी मी कधीच कुणाशी भांडलो नव्हतो.

दोन दिवस मी गिरवतच राहिलो. तिसऱ्या दिवशी बारावा वर्ग गिरवून झाला, आणि नाव लिहिण्याच्या चौकटीशी लेखणी अडली. मी उठलो, साहेबांची खुर्ची खिडकीशी अशी ठेवली की उजेड उजवीकडून यावा, आणि त्यांना म्हटले, "माझे नाव उर्दूत लिहितो, आपण फक्त पाहा." मी लिहू लागलो. सावली प्रत्येक अक्षराच्या पुढे चालत होती. मग खुर्ची फिरवून पुन्हा लिहिले. कागद स्वच्छ उजळला.

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते उठून बाहेर गेले. मला वाटले, माझी ट्रंक पुन्हा बांधावी लागणार.

ते परतले तेव्हा त्यांनी माझे ट्रेसिंग टेबलावरून उचलले आणि पालथे घातले. पारदर्शक कापडावर बाराही वर्ग उलटले. खिडक्या डावीकडे आल्या. "हे पुन्हा काढ," ते म्हणाले. "आणि या वेळी सही इथे कर." त्यांचे बोट 'ट्रेस केले' या चौकटीवर नव्हते, 'तपासले' या चौकटीवर होते.

मग खाली बसून म्हणाले, "तुला वाटते आम्ही अमेरिकन फार धीट. शेती नको, हे मी वडिलांना तोंडावर सांगू शकलो नाही. टेबलावर चिठ्ठी ठेवून पहाटे निघून आलो. तुझा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता."

माझा करार वाढला. पुढल्या वर्षी साहेब मायदेशी गेले. निघताना दाराशी उभे राहून त्यांनी स्पष्ट मराठीत म्हटले, "येतो, मास्तर." ते आले नाहीत, पण नेब्रास्काहून पत्र आले. त्यात लिहिले होते की त्यांचे वडील अजून रागावलेले आहेत, आणि ते दोघे रोज एकाच टेबलावर जेवतात.

त्या शाळेवरून मी आजही जातो. खिडक्यांतून मुलांच्या वाकलेल्या माना दिसतात, आणि प्रत्येकाचा डावा खांदा उजळलेला असतो. या वाळूत माझी एक रेघ आहे, याबद्दल मी या देशाचा, त्या माणसाचा आणि मला परत घरात बोलावून शब्द दुरुस्त करणाऱ्या आईचा ऋणी आहे.

मागच्या रजेला निघताना मिरकाबच्या खोलीला कुलूप लावले आणि नकळत म्हणालो, "येतो." दाऊदभाई बॅग उचलत हसले. "कुणाला सांगतोस रे, मास्तर? आत कुणी नाही. आणि आपण तर घरी चाललोय."

पंधरा दिवसांनी गावी पोचलो तेव्हा मी आईला हे सांगितले. ती हसली नाही. म्हणाली, "बरं केलंस. तिथंही कुणीतरी वाट बघायला हवं."