चार बोटं समास

अण्णा इंगळे गेल्याचं मला गिऱ्हाइकाकडून कळलं. कॉलेजच्या लायब्ररीतले शिपाई बांधून झालेली पुस्तकं न्यायला आले होते. गठ्ठ्याची दोरी आवळता आवळता म्हणाले, "ते पेपरात लिवायचे, टीव्हीवर यायचे, ते इंगळे अण्णा गेले की सकाळी. ऐकलं न्हाय व्हय?" माझे दोन्ही हात खळीनं माखलेले. काय करावं सुचेना, म्हणून हातातलं पान आधी नीट चिकटवलं, वर वजन ठेवलं आणि मग हात धुतले. ज्या माणसाशी तीस वर्षं दर गुरुवारी भांडलो, त्याच्याशी गेली दोन वर्षं मी एक शब्द बोललो नव्हतो...

पंचगंगेच्या काठावर गर्दी मोठी होती. मी मागं उभा राहिलो. पक्षाचे एक पुढारी बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णांनी बोललेला शब्द आयुष्यात कधी मागं घेतला नाही." लोकांनी माना डोलावल्या. मला तर त्याच गोष्टीचा राग होता. मनात आलं, बघा अण्णा, तुमचे लोकसुद्धा तेच सांगतायत.

मी बशीर, धंद्यानं बाइंडर. तरुणपण कारखान्यांच्या युनियनमध्ये गेलं, त्यामुळं डोक्यात लाल झेंडा. अण्णा दुसऱ्या टोकाचे. नेसरीकडचं शेतकरी घर, मास्तरकी सोडून पक्षाच्या प्रचारात पडलेले. उमेदवारांची भाषणं लिहून द्यायचे, पत्रकं काढायचे, शनिवारी दैनिकात सदर लिहायचे. धर्म, देवस्थान, घरातली शिस्त, देश, जुन्या रीती का मोडू नयेत... सगळं ठासून. पुढं टीव्हीचा जमाना आला तेव्हा पक्षाचे प्रवक्ते झाले. माझ्याकडं पहिल्यांदा आले ते स्वतःच्या लेखांच्या कात्रणांची वही बांधून घ्यायला. बांधता बांधता मी वाचत गेलो आणि माझं डोकं फिरलं. पेन्सिल घेऊन कडेला लिहीत सुटलो, 'हे अर्धंच सांगितलंय', 'पुरावा काय?', 'तुम्हाला कुणी सांगितलं?' गिऱ्हाइकाच्या वहीवर असं लिहिणं म्हणजे आमच्या धंद्यात पाप. भान आलं तोवर अण्णा दारात उभे होते. वही घेऊन गेले.

पुढच्या गुरुवारी चार वाजता परत आले. मी शिव्या खायची तयारी केली होती. त्यांनी पिशवीतून हातानं लिहिलेले दोन कागद काढून टेबलावर ठेवले. उजव्या अंगाला चार बोटं समास सोडलेला, अगदी कोरा. म्हणाले, "छापून झाल्यावर बोंबलून काय उपयोग? आधी बोंबल की."

तिथनं ती रीतच पडली. गुरुवारी चारला अण्णा यायचे, समोरच्या खुर्चीवर बसायचे, चहा सांगायचे. मी लाल पेन्सिलीनं समासात माझी हरकत लिहायचो आणि झालं की कागद त्यांच्या बाजूला फिरवून ठेवायचो. ते वाचायचे, चिडायचे, 'तू सुधारणार न्हाईस' म्हणायचे. त्यांनी मत बदललं असं सहसा झालं नाही. पण माझ्या हरकतीला लेखात उत्तर दिल्याशिवाय लेख पुढं जायचा नाही. कधी पुरावा मिळाला नाही तर पूर्ण परिच्छेद काढून टाकायचे आणि दोन दिवस माझ्यावर रुसायचे. पक्षात नवीन बोलायला शिकणाऱ्या पोरापोरींना सांगायचे, "समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा बरं मांडता येत न्हाय तवर तोंड उघडायचं न्हाय." त्यांची एकच तक्रार असायची. "तीस वर्षांत एकदा तरी समासात 'मान्य' लिव की रे. हात झडतो का तुझा?" मी म्हणायचो, "तुम्ही तसं लिहा, मग बघू."

टीव्हीनं मात्र घात केला. तिथं समास नसतो. निवडणुकीचे दिवस होते, अण्णांचे गुरुवार चुकायला लागले. अशाच एका गुरुवारी, माझ्याकडं यायच्या वेळेला ते स्टुडिओत बसले होते. कुणीतरी पक्षाच्या फोनवर एक फोटो पाठवला, दगडांचा ढीग, आणि खाली आमच्या गल्लीचं नाव. अण्णांनी तो सगळ्यांपुढं धरून ठासून सांगितलं, मिरवणुकीवर फेकायला इथं दगड साठवलेत म्हणून. ते दगड गटारीच्या कामाचे होते. पंधरा दिवस आधी त्याच ढिगाला वळसा घालून अण्णा माझ्या दुकानात आले होते, धोतर वर धरून, महापालिकेला शिव्या घालत. फोटोत त्यांना तो ओळखू आला नाही.

गल्लीतली दुकानं बंद पडली. पोलिसांची गाडी तोंडाला उभी. माझ्या पुतणीला बघायला राधानगरीहून पावणे निघाले होते, ते रंकाळ्यापर्यंत येऊन माघारी गेले. माझा भाऊ मला एवढंच म्हणाला, "तुझा दोस्त न्हवं का त्यो?"  

तिसऱ्या गुरुवारी अण्णा आले. खुर्चीवर बसले, कागद टेबलावर ठेवला. मी मान वर केली नाही. सुईत दोरा ओवत राहिलो.

"वाच की बशीर."

"मी वाचणार न्हाई अण्णा. तुम्हाला काय छापायचं ते छापा."

"तू वाचल्याबिगर मी छापत न्हाई, ठाऊक हाय तुला."

"मग ऱ्हाऊ दे."

 चहा आला तो तसाच गार झाला. मग कागद पिशवीत घालून गेले. मला वाटलं असणार काहीतरी, आपलंच कसं खरं हे पटवणारं. तसं ते चांगलं पटवायचे. पुढं सदर बंद झालं. दैनिकानं 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं छापलं. टीव्हीवरही दिसेनात. मी म्हटलं, बरं झालं.

गेल्या आठवड्यात त्यांची मुलगी सुनंदा दुकानात आली. शाळेत शिकवते, शांत पोरगी. पिशवी तीच, अण्णांची. त्यातून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

"बशीरचाचा, हे तुमच्याकडं द्यायचं राहिलंय म्हणून सांगत होते. शेवटपर्यंत."

"सदर का बंद केलं त्यांनी?" मी विचारलं.

"आधी हे छापणार, मग पुढचं लिहिणार म्हणाले. पक्षातल्या लोकांनी सांगितलं, विसरा आता, लोक विसरले. संपादकही म्हणाले, जुनं कशाला उकरताय. ऐकलं नाही. आणि हे छापायचं तर तुम्ही वाचायला पाहिजे होतं..." तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. "मी म्हटलं पुन्हा जावा की. तर म्हणाले, त्याचा हक्क हाय न वाचायचा."

 मला अण्णांचा भयंकर राग आला. अरे, छापायचं होतं! माझ्यासाठी अडून बसायला मी कोण लागून गेलो? सगळ्या जगाशी लेखणीनं भांडणारा माणूस एका बाइंडरच्या पेन्सिलीसाठी दोन वर्षं गप्प बसला. आणि मी इथं सुईत दोरा ओवत त्याला खोटा समजत राहिलो. एक कागद वाचायला मला पाच मिनिटं लागली असती. सुनंदा गेल्यावर मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मग वाचायला घेतलं. अक्षर तेच, टोकदार. सारवासारव नव्हती. 'मी खोटं बोललो. मला कुणी फसवलं नाही, मी तपासलं नाही. तो ढीग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. माझ्या बोलण्यानं एक गल्ली तीन दिवस बंद राहिली. त्या गल्लीची मी माफी मागतो.' उजव्या अंगाला चार बोटं समास, दोन वर्षांत जरा पिवळा पडलेला.

पेन्सिलीला टोक केलं. सवय जात नाही. 'तीन दिवस' खाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'तीन न्हवं, पाच.' मग त्याच्याखाली लिहिलं, 'बाकी मान्य.'

आणि कागद समोरच्या खुर्चीकडं फिरवून ठेवला.