लिओना उजवीकडे

शुक्रवारी संध्याकाळी आख्खं गाव माझ्या नावाने बोंब ठोकायचं आणि मला ते आवडायचं. मैदानाच्या कडेवरून माझा नवरा ओरडायचा, "लिओना, लिओना," की पुढच्या ओळीतली, चेंडूवाल्याला आडोसा देणारी पाच आडदांड पोरं उजवीकडे धाव घ्यायची. टेक्सासमधल्या आमच्या या कोपऱ्यात कुणी बायकोला फुलंबिलं आणत नाही. ॲल्विनने आमच्या इकडच्या, चेंडू काखोटीला मारून पळायच्या फुटबॉलच्या एका डावाला माझं नाव दिलं, आणि इतकी वर्षं मी त्या एवढ्याशा भांडवलावर मिरवले.

ॲल्विन शाळेत वेल्डिंग शिकवतो आणि फुटबॉल संघाचं आक्रमण सांभाळतो. हेड कोच वेगळा, पण चेंडू आपल्याकडे असताना काय करायचं ते ठरवणार ॲल्विन. मोठ्या शाळांचे कोच डावांची जाडजूड वही, प्लेबुक, काढतात, एकेका डावाचं नाव मालगाडीएवढं लांब. पोरांना ते आठवेपर्यंत समोरचे दात विचकत उभे. ॲल्विनने एका डावाला एकच शब्द ठेवला. शब्द 'एल'ने सुरू झाला की लेफ्ट, ओळ डावीकडे. 'आर'ने सुरू झाला की राइट, ओळ उजवीकडे. लेमन, लॅडर, रॉकेट, रॅबिट. पोरांना घोळका करून कुजबुजायला नको की डोकं खाजवायला नको. समोरच्यांचा श्वास खाली बसायच्या आत आमचा चेंडू निघालेला असायचा, आणि आमच्याहून कितीतरी मोठ्या शाळांना आम्ही अशा धापा टाकायला लावल्या होत्या.

फक्त लिओना 'एल'ची असून उजवीकडे जायची. तो डाव जुना, नियम नंतर आला, आणि नाव बदलायचं ॲल्विनच्या जिवावर आलं. गावातल्या पोरांना त्यात काही वावगं वाटत नसे. रांगायला लागल्यापासून ती मैदानाशेजारी वाढलेली, लिओना उजवीकडे जाते हे त्यांना उपजतच ठाऊक.

रिगो तामेझ मात्र बाहेरून आलेला. त्याचा बाप ॲन्सेल्मो खडीच्या खाणीत कामाला लागला म्हणून या उन्हाळ्यात ती मंडळी इथे आली. पोरगा अंगाने दांडगा, स्वभावाने अबोल. ओळीतला एक मुलगा तापाने पडला आणि त्याच्या जागी रिगोला घेतलं. सरावाच्या वेळी त्याने हात वर करून विचारलं, "कोच, लिओना 'एल'ने सुरू होते. मग डावीकडे ना?"

सगळी पोरं हसली. ॲल्विन म्हणाला, "लिओना माझी बायको आहे, बाळा. तिला कुठलाच नियम लागू नाही." पोरं आणखी हसली, रिगोने मान खाली घातली, आणि विषय तिथेच संपला.

शुक्रवारी सामन्याच्या शेवटी, बँड कानठळ्या बसवत असताना, ॲल्विनने लिओना पुकारली. चौघं उजवीकडे गेले. त्या गदारोळात रिगोच्या मनात नियम तेवढा उरला होता. तो डावीकडे गेला. मध्ये पडलेल्या भगदाडातून समोरचा एक राक्षस आत घुसला आणि ओळीमागून चेंडू फेकणाऱ्या आमच्या क्वार्टरबॅकवर, ट्रेंट कुबालावर, कोसळला. ट्रेंटचा उजवा खांदा गेला, चेंडू फेकायचा तोच. आपल्या संघासाठी त्याला बघायला एका कॉलेजची माणसं येणार होती. ती आता येणार नव्हती.

गावाला दोषी शोधायला वेळ लागला नाही. शनिवारी सकाळी बेकरीत कोलाची, जॅम भरलेले गोड पाव, घ्यायला उभी होते तर मागून कुणी म्हणालं, "डावं-उजवं कळत नाही त्या तामेझच्या पोराला." कुणीतरी रिगोच्या बुटांवर पांढऱ्या रंगाने एकीकडे 'एल' आणि दुसरीकडे 'आर' काढून ठेवलं. तेच बूट घालून तो त्या सकाळी सराव करत राहिला. आपण कोचला विचारलं होतं, हे त्याने एका शब्दाने कुणाला सांगितलं नाही, आणि तेव्हा हसलेल्या पोरांनीही ते बाहेर काढलं नाही. ॲल्विनला तेच खात होतं. दुपारी ताटातलं सॉसेज तो इकडून तिकडे ढकलत बसला.

संध्याकाळी तो चर्चमध्ये पापाची कबुली देऊन आला. चेहरा जरा ओझं उतरल्यासारखा हलका. मी विचारलं, फादर काय म्हणाले. म्हणाला, प्रार्थना सांगितली, म्हटली. तेव्हा मात्र माझं टाळकं फिरलं.

"फादरना सांगून काय उपयोग, ॲल्विन? बेकरीत शिव्या फादर खातायत का?"

"गावाला सांगितलं तर मैदान जाईल माझं."

"जाऊ दे. माझं नाव घेऊन तू त्या पोराला खड्ड्यात घातलंस."

तो गॅरेजमध्ये जाऊन बसला, आणि मीही त्याला हाक मारली नाही.

सोमवारी शाळेच्या कँटीनमध्ये पालक जमतात, जेवतात आणि भिंतीवर सामन्याची फिल्म बघतात. ॲन्सेल्मो शेवटच्या टेबलाशी टोपी हातात घेऊन बसला होता. मुलाला संघातून काढतो आणि सगळ्यांची माफी मागतो, हे सांगायला आला होता. फिल्म त्या डावापाशी आली, कुजबुज सुरू झाली, आणि ॲल्विनने चित्र थांबवलं.

"रिगो चुकला नाही," तो म्हणाला. "त्याने माझा नियम पाळला. नियम मी मोडून ठेवला होता, बायकोच्या कौतुकापायी. त्याने मला आधी विचारलं होतं. मी त्याची चेष्टा केली."

ट्रेंटची आई डार्लिन उभी राहिली. "हे तुला शुक्रवारीच माहीत होतं?"

"हो."

"आणि तू त्या पोराला बोलणी खाऊ दिलीस."

"हो."

तिने पर्स उचलली आणि निघाली. जाताना ॲन्सेल्मोच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर थांबली. आमच्याकडे तिने पाहिलं नाही.

हेड कोचने या हंगामापुरतं डाव पुकारायचं काम काढून घेतलं. ॲल्विनने हुज्जत घातली नाही. त्या डावाचं नाव पोरांनीच बदललं, 'रिगो' ठेवलं. 'आर'ने सुरू होतं आणि उजवीकडे जातं.

पुढच्या शुक्रवारी ॲल्विन पहिल्यांदाच माझ्या शेजारी बाकावर बसला. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. खालून आरोळी आली, "रिगो, रिगो," आणि ओळ सगळीच्या सगळी उजवीकडे गेली. चेंडू लांब पोचला, गाव उठून नाचायला लागलं. मीही उठले. ॲल्विन बसूनच होता. तो मैदानाच्या कडेला बघत होता. तिथे ट्रेंट उभा होता, उजवा हात गळ्यात बांधलेला. ट्रेंटने वर पाहिलं, आम्हाला ओळखलं, आणि डावा हात हलवला.

ॲल्विनने आपला हात उचलला, पण तो मांडीपासून फारसा वर गेला नाही.