बंद टॉकीजमधलं इटालियन रीळ: धुळे, एरंडोल, जळगाव

या ब्लॉगवर किल्ल्यांबद्दल किंवा मिसळीबद्दल लिहिलं की तुम्ही सगळे येता. जुन्या इटालियन भयपटांबद्दल लिहिलं की दोन-तीन जण येतात आणि तेही नेहमीचेच. गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांत एक नवं नाव दिसलं. प्रमोद, एरंडोलचे, शाळेत शिक्षक. त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्या वडिलांनी जळगावच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलं आणि घरी इटलीच्या अशाच एका पिक्चरची सहा रिळं पडून आहेत. भुसावळच्या वितरकाकडून आलेली पेटी, वितरकाचा धंदा बसला, परत न्यायला कुणी आलंच नाही. टॉकीज आता पाडणार आहेत. तुम्ही येऊन एकदा रिळं बघाल का, असं वडिलांनी विचारायला सांगितलंय.

ज्यांनी हे सिनेमे पाहिलेले नाहीत त्यांना माझा उतावळेपणा कळावा म्हणून थोडं सांगते. गोष्ट बहुतेक वेळा ढिसाळ असते. खुनी कोण ते कळलं तरी पटत नाही. पण काळे हातमोजे घातलेले दोन हात पडद्यावर येतात आणि ते आपलेच वाटतात, कारण कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांच्या जागी असतो. खिडकीतून निळा उजेड येतो, तिचा पडदा लालभडक असतो, मागे अंगाईसारखं काहीतरी वाजत असतं. एकोणीस वर्षांची असताना पुण्यात मैत्रिणीच्या होस्टेलवर मी असा पहिला सिनेमा कॅसेटवर पाहिला. उशीत तोंड खुपसायचं होतं, पण नजर हलेना, कारण सिनेमातल्या त्या बाईच्या मागची भिंत फार सुंदर होती. घाबरवण्यासाठी कुणी एवढी मेहनत घेतं, एवढा रंग लावतं, हे मला नवीन होतं. तेव्हापासून मी हे सिनेमे शोधतेय. पण खऱ्या रिळावर, मोठ्या पडद्यावर एकही पाहिलेला नव्हता. दहा मिनिटांत ठरलं, जायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी नाशिकहून सकाळी सातची धुळ्याची एसटी पकडली. चांदवडचा घाट, मालेगाव, मग सपाट रस्ता. आग्रा रोड आता गुळगुळीत आहे, साडेतीन तासांत धुळे येतं. स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. तर्री इतकी की कान गरम झाले. जाणार असाल तर आधी कमी तिखट सांगा, तरीही तिखटच मिळेल.

प्रमोदना शिक्षण खात्याच्या कामासाठी धुळ्याला यायचंच होतं, म्हणून ते आपल्या गाडीने मला घेऊन जाणार होते. चाळिशीचे, शांत, शर्टाच्या खिशात दोन पेनं. फागण्याच्या पुढे रस्त्याला लागेपर्यंत ते पिकांबद्दल बोलत होते. मग पारोळ्याचा किल्ला दिसायला लागल्यावर म्हणाले, "ताई, एक काम सांगायचंय. रिळं बघितल्यावर नानांना सांगा की ती गेलीत. काही उपयोगाची नाहीत."

मी विचारलं, खरंच गेली असतील तर सांगेनच, पण नसली तर?

"तरीबी सांगा. तुमचं ते ऐकतील."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नानांना, म्हणजे त्यांच्या वडिलांना, डिसेंबरपासून चालताना छातीत दुखतं. डॉक्टरांनी अँजिओग्राफी करायला सांगितली, नाना ऐकत नाहीत. जिना चढायची मनाई आहे. आणि टॉकीज पाडणार हे कळल्यापासून त्यांनी हट्ट धरलाय की पाडण्याआधी एकदा तिथे हे रीळ चालवायचं. मालकाच्या मुलाने उद्या अकरा ते एक अशी दोन तासांची परवानगीही दिलीय, वीज अजून तोडलेली नाही. प्रोजेक्टरची केबिन वर आहे, लोखंडी जिना, चोवीस पायऱ्या. पारोळ्याला आम्ही चहा प्यायलो.

एरंडोलला त्यांच्या घरात शिरताच व्हिनेगरचा वास आला. जुनं रीळ कुजायला लागलं की असाच वास येतो. नाना दारातच उभे होते. उंच, वाळलेले, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हटलं. अक्कांनी पाणी दिलं, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी जेवायला लावली, आणि जेवण होईपर्यंत पेटीचं नाव कुणी काढलं नाही.

मग नानांनी एकेक डबा उघडला. पहिलं रीळ लाटेसारखं वाकडं झालेलं. दुसऱ्याची वेटोळी एकमेकांना चिकटून वीट झालेली. तिसरं ठीक वाटलं. मी फिल्मचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. एक बाई लांब ओसरीतून चालत होती, फोटोएवढी नव्हे, नखाएवढी, आणि मी तिला ओळखलं. हा सिनेमा मी चार वेळा पाहिला होता. चौथं, पाचवं, सहावं गेलेली होती.

प्रमोद माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, नाना, पाच रिळं गेली. तिसऱ्याचं टोक अजून माझ्या हातातच होतं.

नानाच म्हणाले, "माले माहीत शे. दहा वरीस व्हयनात. तिसरं जित्तं शे."

म्हणजे दहा वर्षांपासून त्यांना ठाऊकच होतं, माझ्याकडून परीक्षा नकोच होती. त्यांना हवा होता एक माणूस, जो त्या रिळातल्या अकरा मिनिटांना ओळखेल. पिक्चर लागला त्या आठवड्यात सकाळच्या शोला लोक आले ते नुसते उघड्या बायका बघायला, नाना सांगत होते, आणि निम्मे मध्यंतरात गेले. वर केबिनच्या खिडकीतून ते एकटेच रंग बघत राहिले. कुणाशी बोलायची सोयच नव्हती.

मग बापलेकात वाद झाला. आवाज चढले नाहीत, पण अक्कांनी भांडी घासणं थांबवलं. शेवटी प्रमोद म्हणाले की मशीन मी चालवतो. सुट्ट्यांत त्यांनी केबिनमध्येच दिवस काढलेले होते, सगळं येत होतं. अट एकच, नानांनी खाली खुर्चीत बसायचं. नानांनी मान हलवली. अक्का म्हणाल्या की मग मीबी येस, एवढी वरसं फक्त ऐकलंच शे.

संध्याकाळी मी एसटीने जळगावला गेले, तासाभराचा रस्ता, दोन्हीकडे केळीच्या बागा. स्टेशनजवळच्या लॉजवर राहिले. स्वच्छ खोली, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने टॉकीजला पोचले तेव्हा पावणेअकरा झाले होते. नाव मुद्दाम लिहीत नाही. बाहेर पत्रे ठोकलेले, आत बहुतेक खुर्च्या भंगारात गेलेल्या, मागच्या ओळीत चारच शिल्लक. पडद्याला एका कोपऱ्यात फाट. अक्का आणि नाना त्यांतल्या मधल्या दोन खुर्च्यांवर बसले. अक्कांनी विचारलं, "बाईलेच मारतस का हरदम?" मी म्हटलं, बहुतेक वेळा. "आन् तुले आवडस?" मी सांगितलं की मारणं आवडत नाही, पण ती भीती ज्या निगुतीनं मांडलेली असते ती आवडते. अक्का पडद्याकडे वळल्या. मलाही माझं उत्तर पुरं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आम्ही दोघं वर गेलो. प्रमोदनी फिल्म चाकांवरून, दातांवरून, भिंगामागच्या फटीतून ओढून घेतली, न बघता. मशीनच्या दिव्यासाठी नानांनी जपून ठेवलेल्या कार्बनच्या चार कांड्या होत्या. त्यांची टोकं जवळ आली आणि डोळे दिपवणारा पांढरा उजेड पेटला. आवाजाचं मशीन मेलेलं होतं, त्यामुळे चित्र मुकंच राहणार होतं. प्रमोदनी उजेड अडवणारी झडप उचलली.

मी दुसऱ्या खिडकीला डोळा लावला. एवढ्या वर्षांत निळा उडालेला, हिरवा उडालेला. पाऊस गुलाबी, आभाळ गुलाबी, बाईचा कोट गुलाबी. पण ओसरीच्या टोकाचं दार लाल होतं ते लालच, घरच्या पडद्यावर कधी दिसलं नव्हतं इतकं लाल. ती त्याच्याकडे चालत होती. चार वेळा पाहिलेलं, तरी मी खिडकीची चौकट घट्ट धरली. पडदा चाळीस फुटी, ती माझ्यापेक्षा कितीतरी मोठी, आणि काही वाजत नव्हतं. फक्त मशीनची टकटक.

तिने कडीला हात लावला आणि चित्र थांबलं. रीळ अडकलं होतं. तिच्या गालावर तपकिरी ठिपका आला, फुगला, आणि तिचा चेहरा खाऊन टाकला. प्रमोदनी झडप पाडली. जळका वास, अंधार.

मग खालून पहिलं पाऊल वाजलं. लोखंडी पायरीवर.

प्रमोदचे दोन्ही हात तापलेल्या मशीनमध्ये होते. ते ओरडले, "नाना, थांबा, मी बघतो." पाऊल पुन्हा वाजलं. मग आणखी एक. हळू, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून. खालून अक्कांची हाक आली, नुसतं "अहो". मी पायऱ्या मोजत होते हे मला नंतर कळलं. एकोणीसनंतर आवाज बंद झाला.

जिन्यावरची पावलं मी सिनेमात किती वेळा ऐकली असतील. इथे सुंदर काहीच नव्हतं. चुना पडलेली भिंत, कबुतरांची घाण, आणि पलीकडे एक माणूस श्वास घेतोय की नाही ते कळत नव्हतं. मी दाराकडे धावले, प्रमोद माझ्या आधी पोचले.

नाना कठड्याला धरून बसले होते. चेहरा घामाने भिजलेला, एक हात छातीवर. मागून अक्का चढत आल्या, कमरेची पिशवी सोडली आणि गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. प्रमोदची गाडी लांब उभी होती, म्हणून मला सोडलेल्या रिक्षावाल्याला मी फोन केला, तो बाहेरच होता, त्याला थांबायला सांगितलं. दहा मिनिटं कुणी हललं नाही. त्यांची मान वर आली तेव्हा मी म्हणाले, नाना, बस झालं आता, दवाखान्यात जाऊ.

नाना प्रमोदला म्हणाले, "दोन फ्रेम काप. पट्टी लाव."

प्रमोदनी आईकडे पाहिलं. अक्कांनी नानांच्या छातीवर हात ठेवून, बराच वेळ ठेवून विचारलं, दुखतंय का. नाही म्हणाले. "मंग पाच मिनिटं," अक्का म्हणाल्या. "त्यानंतर मी सांगसू तठे यायचं." नानांनी हो म्हटलं. लेकाने आणि मी धरून त्यांना उरलेल्या पायऱ्या चढवल्या. चूक होती ती, मला तेव्हाही कळत होतं.

नाना स्टुलावर बसले. प्रमोदनी जळलेला तुकडा कापला, चिकटपट्टी लावली, फिल्म पुन्हा ओवली. नानांनी एकदाच हात पुढे करून लेकाचा अंगठा थोडा डावीकडे सरकवला. उजेड पेटला. माझी खिडकी मी अक्कांना दिली आणि त्यांच्या खांद्यावरून पाहत राहिले. दार उघडलं, काळे हातमोजे आले, बाई पळाली, काचेचा जिना, लाल, पुन्हा लाल, आणि तिने एका खोलीत शिरून आतून कडी लावली. रीळ संपलं. पडदा कोरा पांढरा.

"वाचनी ती," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी पदराने तोंड पुसलं.

पुढच्या रिळात तिचं काय होतं ते मला माहीत होतं. नानांनाही माहीत होतं. ते चौथं रीळ कुजून घरी पडलेलं. आम्ही दोघांनीही अक्कांना ते सांगितलं नाही.

खाली उतरताना प्रमोदनी नानांना जवळजवळ उचललंच होतं. रिक्षात बसल्यावर नाना स्वतःच म्हणाले, दवाखान्यात चला, ती तपासणी करून टाकू. अक्कांनी त्यांचा हात धरला. मी संध्याकाळपर्यंत तिथल्या बाकावर थांबले. दोन ठिकाणी रक्तवाहिनी आवळलेली निघाली, एक फारच. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर थांबला असतात तर सांगता आलं नसतं. जळगावचा सोनारबाजार, पद्मालयाचा गणपती, जे जे पाहायचं ठरवलं होतं ते राहिलं. तुम्ही जाल तेव्हा पाहा. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी नाशिकरोडला उतरले.

पंधरा दिवसांनी प्रमोदचा फोन आला. उपचार होऊन नाना घरी आलेत, अंगणात चालतात. पाच रिळं त्यांनी स्वतःच बाहेर काढायला लावली, घरातला वास गेला. तिसरं रीळ प्रमोदनी शाळेतल्या कपाटात ठेवलंय. मी विचारलं, तीन महिने नाही म्हणणारे नाना एका रिक्षात कसे तयार झाले. प्रमोद म्हणाले, मीपण विचारलं. त्यांनी सांगितलं, "मी लोकेसले वरतून भेताना देखं. त्या दिवशी जिनावर माले भ्याव वाटनं." म्हणजे आयुष्यभर केबिनमधून लोकांना घाबरताना पाहिलं, त्या दिवशी स्वतःला भीती वाटली.

या सहलीची शिफारस करशील का, असं मैत्रीण विचारते. करता येत नाही. टॉकीज आता नाही, आणि माझ्यामुळे एक माणूस त्या जिन्यावर मरू शकला असता, हे मी दुसऱ्या कशाने पुसू शकत नाही. ती तपासणी झाली म्हणून सगळं ठीक झालं असंही मी स्वतःला सांगत नाही. परवा बऱ्याच दिवसांनी तसलाच एक इटालियन सिनेमा लावला. अर्ध्यावर कुणीतरी जिना चढायला लागलं आणि मी आवाज बंद केला. चित्र मात्र चालू ठेवलं.