वीरगळाला लावलेली टाकी

तासगावापास्नं पूर्वंला, माळाच्या कडंला आमचं गाव. गावात इतिहास मंडळ हाय. मंडळात पाच जणं, चार शिकल्याली आन पाचवा मी. मी दुसरीपातूर शाळंत, त्यातला निम्मा येळ मेंढरामागं. मला घेतला, कारण कुठल्या बांधाला कुठला जुना दगड हाय ते मला ठावं. मेंढरं हिंडवताना त्येच्यावरच बसत हुतो.

दर आयतवारी आमी दगड हुडकतो, मापं घेतो, वहीत लिवतो. म्हंजे ते लिवत्यात, मी टेपाचं टोक धरतो.

तळ्याजवळ एक वीरगळ हाय, लढाईत मेलेल्या माणसाचा दगड. खालच्या अंगाला जुन्या कानडीत तीन वळी, लय झिजल्याल्या. आमचे म्होरके रिटायर गुरुजी. त्या माणसाचं नाव वाचायचं, येवढाच त्यांचा ध्यास. चार वर्सं पत्रं लिवली, तवा कुठं सांगलीच्या कॉलेजातल्या एक बाई येतो म्हणाल्या. गुरुजींचा एक डोळा गेलाय, दुसरा चाललाय. आदल्या दिशी मला म्हणाले, दगड जरा चांगला करून ठेव.

आता दगड चांगला करायचा म्हंजे मला एकच ठावं. पाटा गुळगुळीत झाला की त्येला टाकी लावायची, छिन्नीनं ठोकायचा. गावातल्या निम्म्या पाट्यांना मीच लावतो. दुपारभर बसलो. जितं रेघ दिसली तितं छिन्नी घातली. मला मराठी वाचता येईना, त्यात ती कानडी. अक्षर कंचं, तडा कंचा, मला सगळं सारकंच. एक तडा तर लय मन लावून कोरला.

बाईंनी दगडावरनं बोट फिरवलं आन इचारलं, हे कुणी केलं. मी छाती काढून म्हणलो, मी.

आदी कसं हुतं ते बघाय जुना फोटो हुता, पर त्यो दगडाला शेंदूर फासल्याला हुता तवाचा. त्यात काय दिसंना. गुरुजी शिव्या देतील म्हणून मी पळायच्या बेतानं चप्पल घालूनच हुबा हुतो. ते नुस्तं बांधावर बसले.

बाईंनी कागदावर दगडाचा ठसा काढून दिला. नव्या रेघा वगळल्या तर ऱ्हायल्यालं कायतरी वाचता यील, म्हणाल्या. तवापास्नं रोज सकाळी आमी दोघं तितंच. मी दगडावर बोट ठेवतो, गुरुजी कागद डोळ्याला लावून तांबड्या पेन्सिलीनं खुणा करत्यात.

"ही?"

"माजी."

"आन ही?"

"आवं, ही बी माजीच."

निम्मा कागद तांबडा झालाय. मेलेल्या माणसापरास माजंच लिखाण जास्त हाय.

काल एका रेघंपाशी अडलो. गुरुजी म्हणाले, इथंच नाव सुरू व्हत आसंल. माजी न्हाई म्हणलो आसतो तर म्हाताऱ्याला बरं वाटलं आसतं. जिभंवर आलं बी हुतं.

"खरं सांग गड्या."

"आठवत न्हाई, गुरुजी."

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. ऊन पाठीवर आलं हुतं. मी परत पयल्या रेघंपास्नं बोट फिरवाय लागलो.