उपाशी पेशी

बेंगळूरच्या आमच्या प्रयोगशाळेतले ते वरिष्ठ तंत्रज्ञ आधी दुसऱ्याच्या पेशी वाढवायच्या काचेच्या बशीवरचं झाकण उघडत आणि मग "काय चाललंय, अक्का?" असं विचारत. सल्ला देताना त्यांचे डोळे अर्धे मिटत, स्वतःचंच बोलणं गोड लागल्यासारखे.

त्या वर्षी मी माणसाच्या त्वचेच्या पेशी वासराच्या रक्तातल्या सीरमशिवाय वाढवू पाहत होते. तीन महिने सीरम थोडं थोडं कमी करत शेवटी पूर्ण बंद केलं. बऱ्याच पेशी मेल्या, पण काहींनी तग धरला होता. सोमवारी येऊन पाहते तर बशा पेशींनी गच्च भरलेल्या!

"मीच शुक्रवारी स्वल्प सीरम घातलं," ते म्हणाले. "उपाशी मरत होत्या बिचाऱ्या. वाचवल्या की नाही?"

"सर, त्याच्याशिवाय जगतात का, तेच तर पाहायचं होतं."

"म्हणून मरू द्यायच्या?" त्यांनी दुखावलेल्या आवाजात विचारलं.

मी सगळ्या बशा फेकून पहिल्यापासून सुरुवात केली. दुपारी कॅन्टीनमध्ये ते चारचौघांना सांगत होते, "हल्लीच्या बायकांना मायाच उरली नाही हो!"