पापणीला टेकवलेलं अंडं

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही बदकीण म्हणतो. चालण्यावरून नव्हे, बदकाची अंडी उबवून पिल्लं विकते म्हणून. चालतेही तशीच, पण ते तिच्यासमोर बोलायची सोय नाही.

मागच्या खेपेची सगळी अंडी वाया गेली होती. "हीपण गेली तर पेटी भंगारात घालते," असं तिनं सांगून टाकलं होतं.

तिच्या उबवणीच्या पेटीत डाळीच्या दाण्याएवढा एक डायोड आहे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मेहुण्यांनीच तो बसवला. त्यातून ठरलेला बारीक करंट सोडायचा. पेटी तापली की डायोडवरचा व्होल्टेज उतरतो, निवली की चढतो. त्यावरूनच पेटीवर तापमानाचा आकडा दिसतो आणि हीटर आपला आपण चालू-बंद होतो.

त्या दिवशी मी दुपारी गेले. डायोडचा करंट आवरून धरणारा रेझिस्टर जळाला होता, तो मेहुण्यांनी सकाळीच बदलला होता. पेटीवरचा आकडा जिथल्या तिथे. बदकिणीनं सवयीनं एक अंडं उचललं, मिटल्या पापणीला टेकवलं आणि झटक्यात बाजूला घेतलं.

"अहो, चटका बसतोय!"

"आकडा बघ की. बरोबर आहे."

"आकड्याला पापणी आहे का?"

मेहुणे हसायला लागले आणि मध्येच थांबले. "तसलाच रेझिस्टर मिळेना, म्हणून कमी ओहमचा लावला. करंट दुप्पट झाला असणार."

"मग व्होल्टेजही दुप्पट?" मी विचारलं.

"छे हो ताई! डायोड मोठा चिवट. करंट दुप्पट झाला तरी व्होल्टेज जरासाच वर सरकतो. पण तेवढ्यानं पेटीला वाटलं, आत गार आहे. सुटली तापवत."

बदकिणीनं प्लग ओढला, झाकण उघडलं. मग विजेरीसमोर एकेक अंडं धरायला लागली. आतली सावली हलली तर जीव आहे.

पहिलं गप्प. दुसरंही गप्प. मी पदराचं टोक पिळत उभी.

तिसऱ्यात सावलीनं कूस बदलली.

"हललं का गं?" मेहुणे पुढे वाकले.

"तुमच्या आवाजानं दचकलं. गप्प बसा."

हलणारी एका टोपलीत, न हलणारी दुसरीत. हळूहळू पहिली टोपली भरत आली. दुसरीतही होती, पण तळ झाकण्यापुरतीच.

"पेटी... भंगारात घालायची का?" मेहुण्यांनी चाचरत विचारलं.

बदकिणीनं टोपलीवर मऊ फडकं पसरलं. "आधी तो रेझिस्टर काढा. मी पापणी घेऊन इथंच बसलेय."